टीबीचा कोर्स पुरा व्हायचा असेल, तर पहिल्याच आठवड्यात काय ठरवावं

टीबीचं औषध सुरू झालं की पहिले काही दिवस कोणी गोळी चुकवत नाही. खोकला असतो, संध्याकाळचा ताप असतो, भीती असते. खरी अडचण पुढे, महिना-दीड महिन्याने येते. ताप उतरतो, तोंडाला चव येते, माणूस कामाला जायला लागतो आणि मनात विचार येतो, ‘आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ त्याच सुमाराला मळमळीचा कंटाळा आलेला असतो, रजा संपलेली असते, दवाखान्याच्या फेऱ्यांना पैसे लागत असतात. अशा वेळी एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो आणि पुढे दवाखान्याची वाटच सुटते.

बाहेरच्यांना हा निष्काळजीपणा वाटतो आणि घरातलेही ‘त्याला स्वतःच्या जिवाची पर्वा नाही’ म्हणून रागावतात. पण गोळी चुकण्याची कारणं बहुतेक घरांत ठरलेली असतात. ती आधी ओळखता येतात आणि त्यांची तयारी पहिल्या आठवड्यातच करता येते. ही तयारी एकट्या रुग्णाने करायची नसून सगळ्या घराने मिळून करायची असते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी चित्र समजून घेऊ

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. म्हणून हा विषय आपल्या गल्लीतला, आपल्या गावातला आहे. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीवर २०२२ मध्ये उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी जगभरात ८८ टक्के रुग्णांचे उपचार यशस्वी झाले, असं जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. मात्र नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत हे प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे पहिला कोर्स नीट पुरा होणं हीच सर्वात सोपी, स्वस्त आणि खात्रीची संधी आहे. ती हातची गेली तर पुढचा रस्ता खडतर होतो.

सहा महिने कशासाठी, हेही घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र दिली जातात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅमब्युटॉल. या काळात झपाट्याने वाढणारे जंतू मोठ्या संख्येने मरतात, म्हणून माणसाला बरं वाटतं. पण काही जंतू सुस्त पडून राहतात. त्यांच्यासाठी पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधं चालू ठेवावी लागतात. शेतातली हरळी वरवर खुरपली तर रान स्वच्छ दिसतं, पण काशा जमिनीतच राहतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. दोन महिन्यांनी गोळ्या थांबवल्या की हेच होतं. शिवाय कधी घेतली, कधी सोडली, अशा अर्धवट औषधातून वाचलेले जंतू त्याच औषधांना सरावतात आणि मग साधी औषधं निरुपयोगी ठरतात.

लोक औषध का सोडतात: तीन देशांतले धडे

हा प्रश्न नवा नाही. १९५६ मध्ये मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झालं, जे आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. त्या काळी टीबीच्या रुग्णाला सॅनिटोरियममध्ये वर्षभर ठेवायची पद्धत होती. मद्रासच्या संशोधकांनी गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये ठेवला, दुसऱ्या गटाने आपल्या दाटीवाटीच्या घरी राहून औषधं घेतली. दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे आले आणि घरी राहिलेल्या रुग्णांमुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. त्यानंतर जगभर टीबीचा उपचार घरी राहून होऊ लागला.

पण त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. घरी दिलेल्या गोळ्या पोटात जातातच असं नाही. त्यासाठी ते अचानक घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत. कोणीतरी रोज डोळ्यांसमोर गोळी द्यावी, या कल्पनेचं बीज तिथलंच. पुढे १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने ती ‘डॉट्स’ या नावाने जगभर नेली.

दुसरा धडा हैतीचा. डॉ. पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या डोंगराळ भागात दोन गटांना टीबीची औषधं मोफत दिली. एका गटाला औषधांसोबत घरी येणारा गावातलाच आरोग्य कार्यकर्ता, जेवणासाठी मदत आणि दवाखान्यात यायचं भाडंही दिलं. त्या गटातले सगळे बरे झाले. नुसतं मोफत औषध मिळालेल्या गटात बरे होणारे निम्म्याहून थोडे जास्त होते. आजार करणीमुळे झाला असं अनेक जण मानत होते. पण त्या समजुतीचा गोळ्या घेण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. परिणाम झाला तो पोटाला अन्न आणि दाराशी माणूस असण्याचा.

तिसरा धडा आपल्याच देशातला, झारखंडमधला. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात टीबीच्या रुग्णांना दरमहा १० किलोचा शिधा दिला गेला. त्यातले पाचातले चार रुग्ण कुपोषित होते. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी होता. ज्या घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

तिन्ही ठिकाणचं सार एकच आहे. लोकांना बरं व्हायचं असतंच. औषधाबरोबर अन्न, भाडं आणि रोज विचारणारं माणूस मिळालं की कोर्स पुरा होतो. आता हे आपल्या घरात कसं उभं करायचं ते पाहू.

पहिला आठवडा: या गोष्टी वहीत लिहून घ्या

उपचार सुरू करायच्या आधीच विचारा, ‘जंतू कोणत्या औषधांना दाद देतात, याची तपासणी झाली का?’ नुसत्या एक्स-रेवर किंवा अंदाजावर भागवू नका. बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी काही तासांत सांगते की टीबी आहे का आणि जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात का. ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे छोट्या केंद्रातही ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. तपासणीसाठी द्यायचा नमुना म्हणजे तोंडातली थुंकी नव्हे. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा.

सोबत साखर आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. मधुमेह ताब्यात नसेल तर टीबी लवकर बरा होत नाही आणि रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. हीच गोष्ट गर्भनिरोधक गोळ्यांची. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने ते डॉक्टरांना आधीच सांगावं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र घाबरून दूध तोडू नये.

मग वहीच्या पहिल्या पानावर नि-क्षय आयडी लिहा. सरकारच्या ‘नि-क्षय’ या संगणक प्रणालीत प्रत्येक रुग्णाला हा क्रमांक मिळतो आणि देशात कुठेही गेलात तरी तोच चालतो. खाली आशाताईंचा, आरोग्य केंद्रातल्या टीबी पर्यवेक्षकाचा फोन आणि १८००-११-६६६६ ही मोफत हेल्पलाइन लिहा. औषध सुरू झाल्याची तारीख, त्या दिवशीचं वजन, रोज किती गोळ्या हेही लिहा. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: मोठ्या माणसाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर ३, ५० ते ६४ असेल तर ४. वजन वाढून पुढच्या गटात गेलं तर संख्या बदलावी लागू शकते, म्हणून दर महिन्याला वजन झालंच पाहिजे.

खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी सरकारी औषधं मोफत मिळू शकतात आणि रुग्णाची नोंदही व्हायलाच हवी. २०१२ पासून ती बंधनकारक आहे. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असं फिरू नका. दुसरा सल्ला घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्या काळात गोळ्या बंद पडू देऊ नका.

गोळीची वेळ आणि गोळीचं माणूस

सगळ्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या असतात, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा वाटून नाहीत. उपाशीपोटी घेतल्या तर औषध अंगी चांगलं लागतं. मळमळ होत असेल तर हलकं काहीतरी खाऊन घेतल्या तरी चालतात. वेळ अशी निवडा, जी कामावर किंवा पाहुण्यांवर अवलंबून नसेल. ‘जेवणानंतर घेईन’ म्हणणाऱ्याचं जेवण रोज वेगळ्या वेळी होतं. दात घासल्यावर लगेच, ही वेळ सहसा चुकत नाही.

घरातलं एक माणूस ठरवा. शाळेत जाणारी मुलगीसुद्धा हे काम चोख करते. तिने रोज पाणी आणि गोळ्या द्यायच्या, समोर घेतल्या की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची. महिन्याच्या शेवटी खुणा आणि रिकाम्या पट्ट्या जुळवून बघायच्या. घरातलं कोणी नसेल तर आशाताई, शेजारी, दुकानदार, बचतगटातली बाई, कोणीही चालेल. अट एवढीच की त्या माणसाने दरडावायचं नाही. दरडावणाऱ्याला रुग्ण खोटं सांगतो आणि चुकलेली गोळी कळतच नाही.

उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. एकादशी असो, नवरात्र असो, रोजा असो, औषध चुकवायला कोणताही धर्म सांगत नाही. रोजा ठेवणाऱ्याने सहरीच्या वेळी घ्यावी, पण ते डॉक्टरांशी बोलून. वारीला किंवा लग्नाला गेलात तर जितके दिवस जाणार त्यापेक्षा तीन-चार दिवस जास्तीच्या गोळ्या पिशवीत ठेवा.

त्रास झाला तर: काय चालेल, काय नाही

कोर्स सुटण्याचं मोठं कारण म्हणजे न सांगितलेला त्रास. पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवी केशरी-लालसर होते. कोणी सांगितलेलं नसेल तर माणूस रक्त जातंय समजून घाबरतो आणि गोळ्या फेकून देतो. हा रिफाम्पिसिनचा रंग आहे. घाम आणि डोळ्यांतलं पाणीही रंगू शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. औषध थांबलं की रंगही जातो.

मळमळ, सांधे दुखणं, हातापायांना मुंग्या येणं, अंगाला खाज सुटणं, हे त्रास बहुतेकदा सांभाळता येतात. मुंग्यांसाठी बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी मिळते, सांधेदुखीवर औषध मिळतं. यासाठी गोळ्या सोडू नका, फोन करा.

पण पुढचं काही दिसलं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा:

• डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं, सतत उलट्या, अन्नाचा वासही नको वाटणं. हा यकृतावरचा परिणाम असू शकतो. लघवीच्या रंगावरून टीबीच्या रुग्णाची कावीळ ओळखता येत नाही, म्हणून उजेडात डोळे बघायची सवय लावा.
• नजर अंधुक होणं किंवा लाल-हिरवा रंग नीट न ओळखता येणं.
• ताप येऊन अंगभर पुरळ, तोंडात फोड.

डॉक्टर तपासून औषधं एकेक करून पुन्हा सुरू करतात किंवा बदलतात. आपल्या मनाने त्यातली ‘जड’ गोळी काढून बाकीच्या घेणं सर्वात धोक्याचं, कारण त्याने जंतूंना उरलेल्या औषधांशी सामना करायला शिकवल्यासारखं होतं.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दारू आणि टीबीची औषधं दोन्ही यकृतावर ताण देतात, म्हणून हे सहा महिने दारू बंदच हवी. पण अनेक घरांत ‘आज घेतलीय, मग गोळी नको’ असं रोज घडतं आणि आठवड्यातले चार दिवस गोळीविना जातात. दारू सुटत नसेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा. यकृताची तपासणी आणि व्यसनमुक्तीची मदत दोन्ही मिळू शकतात. सांगितलं तर उपचार सावरता येतो. लपवलं तर दोन्हीकडून नुकसान.

वजनकाटा आणि ताट

झारखंडच्या अभ्यासाने दिलेला सर्वात उपयोगी आकडा म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजनवाढ. चाळीस किलोच्या माणसाला दोन किलो. घरासमोर हे लक्ष्य ठेवा. वजन वाढत नसेल तर महिनाभर वाट बघू नका, दवाखान्यात सांगा. गोळ्या पोटात राहत नसतील, साखर वाढली असेल किंवा जंतू औषधाला दाद देत नसतील.

महागडे डबे आणि टॉनिक विकत घेण्याची गरज नाही. रोज भाकरी-चपाती किंवा भात पोटभर, दोन वेळा डाळ किंवा मोड आलेली मटकी-हरभरे, मूठभर शेंगदाणे गुळासोबत, जमेल तसं दूध, अंडं किंवा मासळी. भूक कमी असेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आजारात आई किंवा सून आपलं ताट दुसऱ्याला देते आणि स्वतः उरलंसुरलं खाते. तिलाच टीबी असेल तर घराने हे जाणीवपूर्वक थांबवावं. आधी तिचं ताट वाढा.

नि-क्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या कोर्सला ही रक्कम तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत थेट बँक खात्यात येते. पैसे अडकण्याचं कारण बहुतेकदा बंद पडलेलं खातं किंवा न जुळलेला आधार असतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात पासबुक आणि आधार आशाताईंना दाखवा. खातं नसेल तर काढून द्यायला सांगा. अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णांसाठी प्रवासापोटी ७५० रुपयांची वेगळी मदतही आहे. २०२२ पासून नि-क्षय मित्र या योजनेत संस्था, कंपन्या, व्यक्ती रुग्णाला दरमहा शिधा देतात. तुमच्या तालुक्यात असा मित्र आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि ज्यांना परवडतं त्यांनी असा मित्र व्हावं.

घर सोडून जावं लागणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात औषध सुटण्याची एक ठरलेली वेळ आहे. दसरा-दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. दोघांतलं एक आजारी पडलं तरी दुसऱ्याचं काम अडतं आणि गैरहजेरीला खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाचे पैसे अंगावर बसतात. पहाटे अंधारात फडात जायचं, रात्री गाडी भरायची, राहायला कोपी, म्हणजे झोपडी. अशा माणसाला ‘दर महिन्याला गावच्या केंद्रात येऊन गोळ्या घेऊन जा’ सांगणं म्हणजे औषध सोडायला सांगणंच.

जाण्याच्या निदान आठवडाभर आधी आशाताईंना कळवा. कारखान्याचं नाव, तालुका, मुकादमाचा फोन आणि टोळीतल्या एका शेजाऱ्याचा फोन द्या. प्रवासापुरत्या जास्तीच्या गोळ्या आणि नि-क्षयवर ट्रान्सफर, दोन्ही मागा. ट्रान्सफर झालं की तिथल्या केंद्राला तुम्ही येणार हे कळतं. पोचल्यावर दोन दिवसांत नि-क्षय आयडी दाखवून तिथे नोंद करा. गोळ्या आणि कागद प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण कोपीत ओल आणि धूर दोन्ही असतात. गोळीची वेळ फडात निघण्याआधीची ठरवा. दुपारी उसात गोळी आठवत नाही.

मुकादम आणि कारखान्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. टीबीच्या माणसाला महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी खाड्याविना द्या. त्या एका दिवसाने सगळी टोळी सुरक्षित राहते. वीटभट्टी, बांधकाम, यंत्रमाग, मासेमारीच्या बोटी, जिथे जिथे माणसं परगावाहून येऊन एकत्र राहतात, तिथेही हेच लागू आहे.

कधी कधी सरकारी केंद्रातच औषध नसतं. २०२४ च्या सुरुवातीला अनेक राज्यांत असा तुटवडा जाणवला होता. अशा वेळी रिकाम्या हाताने परतू नका. आठ-दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच चौकशी करायची सवय ठेवा. नसतील तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना किंवा हेल्पलाइनला कळवा. ग्रामपंचायत सदस्य, सरपंच यांनीही अशा वेळी आवाज उठवला पाहिजे.

लपवाछपवीची किंमत

नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीला टीबी झाला की अनेकदा तिच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात किंवा पत्र्याच्या पेटीत तळाशी जातात. सासरी कोणी बघू नये म्हणून ती अंधार पडल्यावर गोळी घेते, पाहुणे असले तर घेतच नाही. पट्टी फाडताना आवाज होतो म्हणून गोळ्या आधीच काढून कागदात बांधून ठेवते. त्या ओलाव्याने खराब होतात. आजार लपवला की गोळी चुकते, हे इतकं सरळ आहे.

सासू-सासऱ्यांनो, नवऱ्यांनो, आजाराचा दोष मुलीच्या माहेरावर टाकू नका. टीबी हवेतून पसरतो. कोणाच्या पुण्याईशी किंवा घराण्याशी त्याचा संबंध नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. फुप्फुसाचा टीबी असेल तर औषध नीट सुरू झाल्यावर सर्वसाधारणपणे दोन-तीन आठवड्यांत इतरांना लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. तोवर खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, उघड्या खिडक्या, शक्य असेल तर झोपायला हवेशीर जागा, एवढं पुरे. तिला माहेरी पाठवायचंच असेल तर नि-क्षयवर ट्रान्सफर करून, गोळ्या आणि मायेसकट पाठवा.

चुकलीच, तर

गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दुप्पट घेऊ नका. नेहमीचा डोस घ्या आणि चुकलेला दिवस वहीत लिहा. चुकलेले दिवस शेवटी भरून काढता येतात. बरेच दिवस गेले असतील तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, पण लाजून घरीही बसू नका. केंद्रात जा, खरं सांगा. आपल्याकडे सलग एक महिना औषध बंद पडलं की रुग्णाची नोंद ‘उपचारातून सुटलेला’ अशी होते. पण नाव सुटलं म्हणून दार बंद होत नाही. पुन्हा बेडका तपासून, जंतूंनी औषधाला दाद देणं सोडलंय का ते पाहून, योग्य उपचार सुरू होतात.

आणि डॉक्टर, नर्स, पर्यवेक्षक यांनाही विनंती. परत आलेल्या रुग्णावर पहिलं वाक्य रागाचं नको. ‘आलात ते बरं झालं, काय अडचण आली?’ एवढं विचारलं तरी तो पुढच्या वेळी येतो.

जंतूंनी औषधाला दाद देणं थांबवलंच असेल, तरी आज परिस्थिती पूर्वीसारखी निराशेची नाही. पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं आणि महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. त्या इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघी त्यांतल्याच. बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवून घेण्याच्या प्रयत्नाला दोघींनी मिळून हरकत घेतली आणि २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती वाढ नाकारली. त्याने ते औषध इतर कंपन्यांना बनवता येण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२४ मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या, इंजेक्शनविना कोर्सला देशात मंजुरी मिळाली. तो सर्वांना चालत नाही, डॉक्टर तपासून ठरवतात. पण उपचार आहे, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

घरातल्या बाकीच्यांचं काय

एका माणसाला फुप्फुसाचा टीबी निघाला की घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या, पाच वर्षांखालच्या मुलांची तर तातडीने. ज्यांना आजार नाही, त्यांना प्रतिबंधक औषध मिळतं: रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा असे बारा डोस. दुसरा मार्ग अनेकांना सोपा पडतो. ‘आम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून हे टाळू नका.

शेवटचा महिना

शेवटी एक चूक फार होते. सहावा महिना संपतो, गोळ्या संपतात आणि माणूस शेवटच्या तपासणीला जातच नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आणि कोर्स संपताना बेडका तपासायचा असतो. शेवटचा अहवाल स्वच्छ आला तरच कागदावर ‘बरा झाला’ असं लिहिता येतं. नाहीतर नुसतं ‘कोर्स पुरा केला’ अशी नोंद राहते. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला जा, कारण आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा याच काळात उलटतो. त्या तारखा आताच, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

तुमच्या घरात, चाळीत, वस्तीत कोणाचे टीबीचे उपचार चालू असतील तर आज त्यांना एवढंच विचारा: गोळी कोण देतं, वजन किती झालं, पैसे खात्यात आले का, पुढच्या महिन्यात कुठे जाणार आहात? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की कोर्स कुठे अडणार ते आधीच कळतं आणि तिथे मदतीला उभं राहता येतं.